ऋचीकचा ‘आर सिका’ करणारं बाळाच्या नावांचं ॲप: प्रीमियम घेऊन दीड महिना वापरल्यावर

आधीच सांगतो, पाचपैकी दोन स्टार. एक स्टार ॲप दिसायला देखणं आहे म्हणून आणि दुसरा त्याने आमच्या घरात जी करमणूक केली त्याबद्दल. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये, आणि तशीही या जातीची अजून तीन-चार फुकटातली ॲप्स मी चाळली तर सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी निघाली, त्यामुळे खालचं बरंचसं त्यांनाही लागू होईल. ‘मुलांची नावं’ असं सर्च केलं की गुलाबी आणि आकाशी आयकॉनची जी रांग लागते ना, त्यातलंच एक समजा.

आम्हाला मुलगा झालाय. नऊ आठवड्यांचा आहे, म्हणून हा रिव्ह्यू तीन बैठकांत लिहिलाय आणि त्यातली एक पहाटे साडेतीनची होती, कुठे सूर बदलला तर चालवून घ्या. बायकोच्या डोक्यात सातव्या महिन्यापासून एकच नाव पक्कं बसलेलं, ऋचीक. तिची अट अशी की वर्गात हाक मारली तर एकाच पोराने मान वर करायला हवी, कारण तिच्या स्वतःच्या वर्गात तिच्या नावाच्या चौघी होत्या आणि दहा वर्षं ती आडनावाच्या पहिल्या अक्षरासकट जगली. माझी अट वेगळी, मला असं नाव हवं की समोरच्याला एकदा सांगितलं की कळलं पाहिजे, प्रत्येक फोनवर ‘नाही नाही, च... चिमणीचा च’ करत बसायला नको. आता या दोन अटी एकमेकींच्या सवती आहेत हे तेव्हा लक्षात आलं नाही. नाव जितकं दुर्मिळ तितकं लोकांच्या जिभेला अनोळखी, आणि अनोळखी नाव जीभ आपल्या सोयीने वळवून घेतेच. म्हटलं भांडण्यापेक्षा मोजून बघू. ॲपच्या प्रीमियममध्ये नेमक्या दोनच गोष्टी ठळक लिहिल्या होत्या, ‘लोकप्रियता मीटर’ आणि ‘अचूक उच्चार ऐका’. भरले पैसे.

पहिल्याच पायरीला ठेच. सर्चमध्ये देवनागरीत ऋचीक टाकलं (तेही टाइप करताना सारखं ‘रु’ उमटत होतं, ऋ कीबोर्डवर शोधून काढायला लागला), तर उत्तर आलं, ‘असं नाव सापडलं नाही, तुम्हाला रितिक म्हणायचंय का?’ नाही बाबा, नाही म्हणायचं. आणि गंमत म्हणजे सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडलेली होती, म्हणजे बटणं मराठीत, मेनू मराठीत, ‘आवडती नावं’ वगैरे सगळं मराठीत, फक्त नावं तेवढी इंग्रजी स्पेलिंगने शोधायची. मग सुरू झाला स्पेलिंगचा खेळ. आर यू सी एच आय के. आर आय सी एच आय के. मग दोन्हींमध्ये शेवटच्या आय ऐवजी डबल ई. एकाच पोराची चार स्पेलिंग, आणि ॲपच्या लेखी ती चार वेगळी पोरं! यू वाल्याचा अर्थ ‘रुचणारा, चविष्ट’. आय वाल्याचा अर्थ ‘एक ऋषी’. डबल ई वाल्यांतल्या एकाला अर्थच नाही, नुसती आडवी रेघ, आणि दुसऱ्यापुढे ‘मूळ: इंग्रजी’, म्हणजे बहुतेक त्यात ‘रिच’ बघून कोणीतरी परस्पर श्रीमंताघरी दत्तक देऊन टाकला.

‘चविष्ट’ वाचल्यापासून बायको पोराच्या गालाचा पापा घेताना तोच शब्द वापरते, ते एक असो.

आता उच्चाराचं बटण, ज्यासाठी खरं तर मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. स्पीकरचं चित्र आहे, दाबलं की एका बाईचा आवाज येतो, आवाज गोड आहे. आय वालं दाबलं. ‘रिच्चिक’. पहिल्या अक्षरावर असा काही दाब की बाईंना शिंक आली की काय वाटावं. यू वालं दाबलं तर ‘रचिक’, कारण इंग्रजीत यू चा कधी उ होतो कधी अ होतो आणि त्या यंत्राने इंग्रजीच्या सवयीने अ धरला. त्याच्यात डबल ई टाकलेलं दाबलं तर ‘रचीऽक’, म्हणजे शेपूट जमलं आणि डोकं गेलं. मग मला किडा चावला. संस्कृत शब्द रोमन लिपीत काटेकोर लिहायची एक पद्धत आहे, अभ्यासाच्या पुस्तकांत असते, त्यात ऋ साठी आर लिहून त्याच्याखाली टिंब देतात, च साठी नुसता सी, आणि दीर्घ ई साठी आय च्या डोक्यावर आडवी रेघ, शेवटी के आणि ए. एका अक्षराला एकच खूण, कसला घोळ नाही. म्हटलं हे तरी देऊन बघू. नेटवरून कॉपी करून टाकलं. ॲपने टिंब आणि रेघ चहाच्या गाळणीतून गाळावी तशी गाळून टाकली, उरलं आर सी आय के ए, आणि बाई अत्यंत आत्मविश्वासाने म्हणाल्या, ‘आर सिका’.

आई बाजूला दुपट्यांच्या घड्या घालत बसली होती. म्हणाली, “ही आर सिका कोण आता? मुलगी झाली असती तर ठेवणार होतात का हे?”

मी ते बटण पुढे दहा-बारा वेळा तरी दाबलं असेल, नुसतं पाहुण्यांना ऐकवायला. पण माझा राग वेगळा आहे. बटणावर ‘अचूक’ लिहिलंय, आणि त्या बटणामागे हे नाव कधी तोंडाने घेतलेलं कोणीच नाहीये. मागे आहे समोरची अक्षरं वाचून दाखवणारं यंत्र, त्याला तुम्ही नाव द्या नाहीतर गाडीचा नंबर द्या, ते तितक्याच खात्रीने वाचेल. शाळेतल्या नव्या बाई हजेरी घेताना अडखळतात, ‘ऋ... चीक, बरोबर ना रे?’ असं विचारतात, तेवढं जरी या ॲपने केलं असतं, म्हणजे ‘या उच्चाराची खात्री नाही’ अशी बारीक ओळ टाकली असती, तर मी तिसरा स्टार दिला असता.

बरं, सगळं खापर ॲपवर फोडणंही बरोबर नाही, कारण ऋ हे अक्षरच वल्ली आहे. मराठी माणूस त्याला रु म्हणतो, ऋतुजा, ऋषी, कृपा, सगळीकडे उ. गुजराती, ओडिया, कन्नड, तेलुगू, तिकडेही साधारण उ कडेच कल. हिंदी आणि बंगालीवाले रि म्हणतात. आणि मुळात तो ना रु ना रि, तो स्वर होता, अ आ इ ई च्या रांगेत त्याला उगाच नाही बसवलेला. शाळेत संस्कृत असेल तर ‘ऋटुरषाणां मूर्धा’ घोकलेलं आठवत असेल, जीभ टाळूकडे वर नेऊन काढायचा र सारखा आवाज, पण पाठीमागे उ नाही आणि इ पण नाही. तो उच्चार रोजच्या बोलण्यातून कधीच गेला. प्राकृतातून मराठीत येईपर्यंत या एका अक्षराला तीन वाटा फुटल्या, पृष्ठ चं झालं पाठ, शृंग चं झालं शिंग, आणि पृच्छ् वरून आलं पुसणं (विचारणं या अर्थाचं), म्हणजे एकात अ, एकात इ, एकात उ. त्यामुळे रु च बरोबर की रि च बरोबर यावर जे लोक हातघाईवर येतात (आमच्या फॅमिली ग्रुपवर आले, दोन काका एकमेकांशी चार दिवस बोलत नव्हते) त्यांना मी ही तीन शब्दांची यादी पाठवली, कोणी उत्तर दिलं नाही.

रोज डोळ्यांसमोर असलेलं उदाहरण घ्या ना. ऋतुराज गायकवाड आणि ऋषभ पंत. देवनागरीत दोघांचं पहिलं अक्षर एकच. इंग्रजी स्कोअरकार्डवर मात्र एकाच्या आर नंतर यू आणि दुसऱ्याच्या आर नंतर आय. आपल्याला दोन्ही बिनतक्रार चालतात, कारण ती माणसं आपल्याला माहीत आहेत, स्पेलिंग वाचून आपण त्यांना ओळखत नाही. खुद्द संस्कृत हा शब्द इंग्रजीत आय ने लिहितात आणि आपण संस्क्रुत म्हणतो, काही अडलं का कोणाचं? अडतं ते नवं नाव पहिल्यांदा कागदावर भेटतं तेव्हा. आणि बहुतेक फॉर्मवर ते इंग्रजीतच भेटतं.

तर ॲपने काय करायला हवं होतं? फार नाही. दोन बटणं द्यायची, ‘मराठीत असं म्हणतात’ आणि ‘हिंदीत असं म्हणतात’, आणि दोन्हींमागे जिवंत माणसाचा आवाज. अशक्य नाहीये हे, फोर्व्हो नावाची साईट २००८ पासून हेच करतेय, जगभरातले लोक आपापल्या भाषेतले शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून टाकतात. तिथे प्रत्येक दुर्मिळ नाव मिळेलच असं नाही, पण जे मिळतं ते माणसाच्या तोंडचं असतं.

मी सपोर्टला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, सुरुवातीला बरं वाटलं कारण लिहिणाऱ्याला मराठी येत होतं असं दिसलं. म्हणे तुमची तक्रार रास्त आहे, मराठीत च चा उच्चार वेगळा असतो, आम्ही ‘रुत्सीक’ असा बदल करून घेऊ. अहो! अर्धवट माहितीचा यापेक्षा सुंदर नमुना मी पाहिला नाही. मराठीत दोन च आहेत हे खरंच आहे, चोराचा च वेगळा आणि चिमणीचा च वेगळा, पण पुढे इ किंवा ई आली की चिमणीचाच च येतो, चोराचा तिथे येऊच शकत नाही, कोणत्याही मराठी माणसाला हे नियम म्हणून सांगता येणार नाही पण ‘त्सिमणी’ म्हणून बघा, आपोआप हसू येईल. मी हात जोडून लिहिलं की काही बदलू नका, रचिकच राहू द्या.

आता दुसरं वचन, लोकप्रियता मीटर. हे दिसायला झकास आहे, गाडीच्या स्पीडोमीटरसारखं, काटा फिरतो आणि ‘युनिकनेस स्कोअर’ येतो. यू वाल्याला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, बाकी तिघांना शंभर. बायको खूश. मी म्हटलं थांब, हा आकडा आला कुठून ते तर बघू. अगदी खाली, मुंगीच्या अक्षरात, ‘अधिकृत आकडेवारी आणि युझर ॲक्टिव्हिटीवर आधारित’. कुठली अधिकृत? तर अमेरिकेची आणि इंग्लंड-वेल्सची.

हे दोन्ही आकडे खरे आहेत आणि वाचायला भारी मजा येते हे कबूल करतो. अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी जाहीर करतं, १८८० पासूनची नावं आहेत त्यात, कोणीही डाउनलोड करावी. पण त्यात एक नियम आहे, एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव त्या वर्षीच्या यादीत घेतच नाहीत, खासगीपणा जपायला. म्हणजे ज्या नावाची चार पोरं तिकडे जन्मली ते आणि जे नाव कोणी जन्मात ऐकलं नाही ते, दोन्ही यादीत सारखेच गैरहजर. दुसरं म्हणजे प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात. इंग्लंड-वेल्समध्येही तसंच, तिकडे २०२३ मध्ये मुलग्यांच्या यादीत मुहम्मद पहिल्या नंबरावर आलं तेव्हा ते एका ठरावीक स्पेलिंगचं मुहम्मद होतं, त्याच नावाची आणखी दोन स्पेलिंग पहिल्या शंभरात वेगवेगळ्या नंबरांवर बसली होती. हाक मारताना एकच नाव, तक्त्यात तीन. आणि भारतात दरवर्षी अशी सरकारी यादी निघतच नाही, त्यामुळे ऋचीकला शंभर स्कोअर मिळाला याचा अर्थ एवढाच की जी यादी त्याची नव्हतीच त्यात तो सापडला नाही. मी चंद्रावरच्या मतदार यादीत माझं नाव शोधलं तर मीपण दुर्मिळच निघेन.

अजून एक, पहिला नंबर म्हणजे काय हेच बदललंय. अमेरिकेत १८८० साली जन्मलेल्या शंभर मुलग्यांत आठ जॉन होते. आता पहिल्या नंबरावरच्या लियमचा वाटा शंभरात जेमतेम एकाचा आहे. म्हणजे आजचं सगळ्यात कॉमन नाव हे आजोबांच्या काळच्या मधल्या फळीतल्या नावाइतकंही कॉमन नाही, कारण सगळेच आईबाप वेगळं नाव शोधत सुटलेत आणि नावांचे ढीग बारीक बारीक झालेत. हे मी बायकोला फार रंगवून सांगितलं, म्हटलं काळजीच नको, तुझ्या वर्गात चौघी होत्या तो जमाना गेला.

तिने पोराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता मारता एकच वाक्य टाकलं आणि माझा सगळा अभ्यास पाण्यात गेला. म्हणाली, “ऋचीक कोणी नसेल, पण ऋत्विक, रितिक, हृतिक, ऋषिक, रुचित, हे सगळे असतील ना?”

आणि बरोबर होतं तिचं. मान नावाला वर होत नाही, आवाजाला होते. मागच्या बाकावरून ‘ए रु-इक’ असं अर्धवट ऐकू आलं की त्यातली निम्मी पोरं वळून बघणार. अमेरिकेत नेमकं हेच झालेलं आहे, एडन, जेडन, ब्रेडन, केडन, प्रत्येकाच्या आईबापांना वाटलं आपलं वेगळं आणि सगळ्यांची शेपटी एक. या गोष्टीचा मीटर कुठल्याच ॲपमध्ये नाही, कारण त्यासाठी नाव कानाने मोजावं लागेल आणि यांचं सगळं दुकान स्पेलिंगवर चालतं. बोलतानाही स्पेलिंग वाचतात, मोजतानाही स्पेलिंग मोजतात. एकदा हे कळलं की ॲपमधली प्रत्येक चूक कुठून आली ते दिसायला लागतं, ‘चविष्ट’ सुद्धा तिथूनच, यू ने लिहिलं म्हणून रुची आली.

अर्थावरून आठवलं. ‘एक ऋषी’ एवढंच लिहिलंय, आणि पुढे ‘शांत, ज्ञानी, लकी रंग पांढरा’. महाभारताच्या वनपर्वात या माणसाची काय झकास गोष्ट आहे आणि यांनी लकी रंग दिला! भृगुकुळातला हा ऋचीक, गाधी राजाची मुलगी सत्यवती (शंतनूची नव्हे, ही वेगळी) हिला मागणी घालायला गेला, राजाला जावई नको होता म्हणून त्याने अट घातली की एक कान काळा असलेले हजार पांढरे घोडे आण. हा गेला वरुणाकडे आणि घेऊन आला हजार. पुढे सत्यवतीला आणि तिच्या आईला मुलगा व्हावा म्हणून दोघींसाठी वेगवेगळे चरू (मंतरलेला यज्ञाचा भात) सिद्ध झाले, आणि माय-लेकींनी त्यांची अदलाबदल केली. त्यातून आईला झाला विश्वामित्र, जन्माने क्षत्रिय आणि वळणाने ब्राह्मण. सत्यवतीचा मुलगा मात्र उग्र होणार होता, तिने गयावया केली की निदान मुलगा तरी शांत होऊ दे, नातू उग्र झाला तर चालेल, म्हणून तिला झाला जमदग्नी आणि तो उग्रपणा एक पिढी पुढे सरकून परशुरामात उतरला. असा हा परशुरामाचा आजा. लकी रंग पांढरा बहुतेक घोड्यांवरून घेतला असेल, पण मग एक कान काळा पण लिहा ना.

आणि एक गोष्ट ॲपने सांगितली नाही याबद्दल मी त्याचा आभारी आहे. वाल्मीकी रामायणात बालकांडात ऋचीक येतो तो वेगळ्या रूपात. अंबरीष राजाला यज्ञासाठी बळी द्यायला माणूस हवा असतो, तो गायींच्या बदल्यात मुलगा मागतो, ऋचीक म्हणतो थोरला देणार नाही, त्याची बायको म्हणते धाकटा देणार नाही, आणि मधला शुनःशेप स्वतःच म्हणतो, समजलं, मधलाच विकला गेला, चला. (ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात त्याच शुनःशेपाच्या बापाचं नाव अजीगर्त आहे, ऋचीक नाही, हे मी आईला लगेच सांगितलं.) आईने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, “मग एकावरच थांबा.”

प्रीमियममध्ये सहा पानांचा एक ‘एक्स्पर्ट रिपोर्ट’ पण मिळतो. त्यातली चार पानं न्यूमरॉलॉजी. स्पेलिंगमध्ये एक जादा एच घातला तर भाग्योदय होतो असं लिहिलंय. पुढे वाचलं नाही.

चांगलं काय ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल नुसताच रडतोय. दोघांच्या फोनवर वेगवेगळं लॉगिन करून नावं उजवी-डावीकडे सरकवायची आणि दोघांनाही आवडलेली तेवढीच एका यादीत यायची, ही सोय खरंच मस्त आहे. आमच्या दोघांच्या यादीत सहाशे नावांमधून सात जुळली, आणि त्यातली चार तर आमच्या चुलत-मावस भावंडांची निघाली, पण नवरा-बायकोची आवड कुठे भेटते हे तरी कळलं. ॲप अडकत नाही, जाहिराती प्रीमियममध्ये खरोखर बंद होतात, रात्रीचा डार्क मोड पहाटे साडेतीनला देवासारखा वाटतो. नावांच्या कल्पना हव्या असतील तर फुकटातलं व्हर्जन घ्या आणि सरकवत बसा. उच्चार आणि लोकप्रियता यासाठी पैसे भरू नका, एवढंच.

त्यापेक्षा आम्ही जे घरच्या घरी केलं ते करा, फुकट आहे. मी ग्रुपवर एक व्हॉइस नोट टाकली, त्यात फक्त एकदा ‘ऋचीक’ म्हटलं आणि सगळ्यांना सांगितलं काय ऐकलं ते टाइप करा. बहुतेकांनी ‘रुचिक’ लिहिलं, मावशीने ‘ऋचिक’ लिहिलं, एका काकांनी ‘ऋत्विक, अभिनंदन!’ असं लिहिलं (तेच काका, रि वाले). ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ कानाने कळत नाही कारण शेवटच्या क च्या आधीची वेलांटी मराठी माणूस तशीही ओढूनच म्हणतो, पहिली असो की दुसरी. दुसऱ्या दिवशी उलट केलं, देवनागरीत नाव लिहून पाठवलं आणि म्हटलं बोलून पाठवा. सगळ्यांनी पहिल्या झटक्यात बरोबर म्हटलं. माझ्या ऑफिसातल्या हिंदी बोलणाऱ्या मित्राने ‘रिचीक’ म्हटलं, जे त्याच्या हिशोबाने शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्याच्या तोंडून ते वाईटही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी इंग्रजी स्पेलिंग पाठवलं तर रुचिक, रिचिक, रचिक, आणि एका भाच्याने ‘रिचिक म्हणजे रिची का?’ असं विचारलं. म्हणजे कानात गोंधळ थोडा, देवनागरीत शून्य, रोमनमध्ये बाजार. माझ्या अटीचं उत्तर मला मिळालं. जिथे जिथे चालेल तिथे आधी देवनागरी, आणि इंग्रजीत यू, कारण घरात जे म्हणतो त्याच्या सगळ्यात जवळ तेच आहे, चविष्ट तर चविष्ट.

नाव पक्कं झालं, हे सांगायचं राहिलंच. लस द्यायला नेलं तेव्हा फाईलवर देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून नेलं, काउंटरवरच्या ताईंनी न अडखळता हाक मारली, “ऋचीक कोण आहे?” आणि फक्त आम्हीच उठलो. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की जणू निवडणूक जिंकली.

रिव्ह्यू इथेच संपणार होता, पण काल प्रीमियम बंद करायला ॲप उघडलं तर वर रंगीत कागदाचे तुकडे उडतायत आणि नोटिफिकेशन, ‘अभिनंदन! तुमचं आवडतं नाव या आठवड्यात ट्रेंडिंग आहे!’ यू वाल्याचा युनिकनेस स्कोअर अठ्ठ्याण्णववरून एकाहत्तरवर. माझ्या पोटात गोळाच आला, म्हटलं एवढ्यात कोणी ठेवलं? मग ती मुंगीच्या अक्षरातली ओळ आठवली, ‘युझर ॲक्टिव्हिटी’. ‘आर सिका’ ऐकायला म्हणून मी ॲपची लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली होती ना, सगळ्या गोतावळ्याने डाउनलोड करून आठवडाभर तेच नाव चारही स्पेलिंगने शोधलं होतं, आणि दोन्ही काकांनी रु आणि रि सिद्ध करायला किती वेळा बटण दाबलं असेल त्याचा तर हिशोबच नाही.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “घ्या, केलंत घरच्यांनी मिळून कॉमन.”